हरणासाठी घडलेले धनुष्य

दिवाळीच्या दिवसांत रात्री फटाक्यांचा गलका ओसरला, की पूर्वेला मृग नक्षत्र हळूहळू वर येते. चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे हरणाचे चार पाय, मधोमध एका रेषेत असलेले तीन तारे म्हणजे त्याच्या पोटात रुतलेला बाण, आणि तासा-दीड तासाने मागाहून उगवणारा तो ठळक, झळझळीत व्याध म्हणजे बाण सोडणारा शिकारी. अंगणात खाटेवर पडल्या पडल्या आजीने दाखविलेले हे चित्र आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात अजून ताजे असेल. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि याच नक्षत्राचा धागा धरून वेदांचा काळ ठरविण्याचा प्रयत्न केला. हरीण, बाण आणि व्याध ही त्रयी माणसाच्या आठवणीत इतकी जुनी आहे.

या त्रयीची आणि माझी गाठ मात्र गेल्या वर्षी अगदी अनपेक्षित रीतीने पडली. आमचे सावंगी (मेघे) हे गाव वर्ध्याला लागून, यवतमाळच्या रस्त्यावर आहे. १९९० साली येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि शेतकऱ्यांच्या या गावात देशोदेशीची मुले डॉक्टर होण्यासाठी येऊ लागली. रुग्णालयाचे दिवे रात्रभर जळतात, आणि त्या दिव्यांपासून थोडे दूर गेले की पराटी आणि तुरीची वावरे लागतात. तिथे दुसरीच रात्रपाळी चालू असते. शेतकरी हातात बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन जागलीला बसलेले असतात.

अशाच एका शेतकऱ्याने एका संध्याकाळी माझे दार ठोठावले. त्याचा मुलगा आमच्या शाळेत नववीत होता. शहरात तिरंदाजीचा सराव पाहून आल्यापासून पोराने बापाच्या मागे धोशा लावला होता. योगायोग असा, की शिक्षण संपवून गावी परतणाऱ्या एका तरुण डॉक्टराला आपले धनुष्य विकावयाचे होते. ते त्याच्या अमेरिकेतील मामाने वापरलेले होते. मामाने त्यावर तिकडे हरणाची शिकार केली होती, आणि भाचा हौसेने ते इकडे घेऊन आला होता. किंमत अठ्ठावीस हजार रुपये. एवढ्या रकमेत एका हंगामाचे बी-खत निघते.

"गुरुजी," तो म्हणाला, "पोराले खेळाले होईन आन् मले बी कामी येईन. डॉक्टर सांगत होता, अमेरिकेत याच्यानंच हरणं पाडतात. मंग आपल्या वावरातला रोही पडन का नाई?"

मी लगेच उत्तर दिले नाही. बापाला पिकाची राखण हवी होती आणि पोराला खेळ हवा होता. दोघांनाही धनुष्य एकच हवे होते. दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि मास्तराच्या सवयीप्रमाणे पुस्तके काढून बसलो.

धनुष्याचा आणि हरणाचा संबंध शोधू जाता माणूस थेट गुहेत जाऊन पोचतो. भोपाळच्या दक्षिणेस भीमबेटका येथे खडकांच्या पोटात प्राचीन चित्रे आहेत. १९५७ साली ती जगाच्या नजरेस आणली डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर या आपल्याच मराठी माणसाने. त्या चित्रांत हरणे आहेत आणि धनुष्यबाण घेतलेली काटकुळी माणसेही आहेत. त्या माणसांना शिकार ही हौस नव्हती, ती भाकरी होती. हरीण निसटले तर त्या रात्री पोरे उपाशी निजत.

पुढे राजे आले, आणि भाकरीची हौस झाली. कालिदासाच्या 'शाकुंतला'ची सुरुवात आठवून पाहा. राजा दुष्यंत धनुष्य ताणून हरणाचा पाठलाग करीत येतो, आणि एक तपस्वी मध्ये उभा राहून त्याला थांबवितो. हे आश्रमाचे हरीण आहे, याला मारावयाचे नाही, एवढेच तो सांगतो. राजा ऐकतो आणि बाण उतरवितो. तो बाण सुटला असता तर पुढचे नाटकच घडले नसते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा प्रचंड ग्रंथ रचला. त्यात अन्नपाण्यापासून गायनापर्यंत राजाच्या सर्व सुखांची नोंद आहे, आणि मृगयेलाही त्यात मानाचे पान आहे. राजाची शिकार हा तोवर एक शास्त्रोक्त विलास झाला होता.

तथापि रानात राहणाऱ्याचे धनुष्य भाकरीचेच राहिले. सातपुड्यातील भिल्ल असो की आमच्याकडचा गोंड असो, बांबूचे धनुष्य आणि लोखंडी फाळाचा बाण ही त्याच्या घरातली विळा-कोयत्यासारखी वस्तू होती. इंग्रजी अमल आल्यावर तिचे दिवस फिरले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला आणि १८६२ साली नागपुरातून वेगळा काढून वर्धा जिल्हा बनविला गेला. या प्रांताच्या रानावनांवर कॅप्टन जेम्स फोर्सिथ या अधिकाऱ्याने लिहिलेले पुस्तक १८७१ साली निघाले. ते शिकारीच्या कथांनी भरलेले आहे. साहेबाच्या हाती रायफल, आणि त्याला जनावराचा माग दाखविणारा मात्र रानचा आदिवासी.

मग आले १८७८ साल. त्या एकाच वर्षी दोन कायदे झाले. हत्यारांच्या कायद्यात 'हत्यार' या शब्दाच्या व्याख्येत बंदूक, संगीन, तलवार यांच्या जोडीला धनुष्यबाणही घालण्यात आले. जंगलाच्या कायद्याने राखीव रानात नियम मोडून शिकार करणे हा गुन्हा ठरविला. नियम साहेबाचा आणि परवानाही साहेबाचा. ज्याच्या आज्याने पणज्याने त्या रानात हरीण मारून पोरे जगविली, तो चोर ठरला, आणि जो विलायतेतून आला तो शिकारी ठरला. इतिहासात असा अन्याय पुष्कळदा गाजावाजा न करता, एखाद्या व्याख्येतून घडत असतो.

आता वाचकांनी माझ्याबरोबर थोडे सातासमुद्रापलीकडे यावे, कारण आमच्या गावात विकावयास आलेल्या त्या धनुष्याचा जन्म तिकडचा आहे.

१९११ साली कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावात एक उपाशी, थकलेला आदिवासी रानातून बाहेर आला. यही नावाच्या त्याच्या जमातीत तो एकटाच उरला होता. बाकीच्यांची सोन्याच्या लोभाने आलेल्या गोऱ्यांनी कत्तल केली होती, नाहीतर ती भुकेने आणि रोगराईने संपली होती. स्वतःचे नाव परक्याला सांगावयाचे नाही ही त्याच्या लोकांची रीत होती, म्हणून विद्वानांनी त्याला 'इशी' म्हटले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ 'माणूस'. कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्याला सॅन फ्रान्सिस्कोतील आपल्या संग्रहालयात ठेवून घेतले, आणि विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेतील डॉ. सॅक्स्टन पोप हे त्याचे डॉक्टर झाले. डॉक्टराने रोग्याची नाडी पाहिली आणि रोग्याने डॉक्टराला धनुष्य शिकविले. लाकूड कसे निवडावे, बाण कसा सरळ करावा, हरणाच्या जवळ चाहूल न लागता कसे जावे, हे सारे त्याने शिकविले. १९१६ साली इशी क्षयाने वारला. पोप यांनी १९२३ साली धनुष्याच्या शिकारीवर पुस्तक लिहिले, आणि बंदुकीच्या देशात धनुष्याने हरीण मारण्याची हौस पुन्हा पसरली. आमच्या गावातही डॉक्टर आणि रोगी रात्रंदिवस समोरासमोर बसलेले असतात, म्हणून ही गोष्ट मला विशेष भावली.

परंतु हरीण हे फार सावध जनावर आहे. बाण सुटताना दोरीचा जो टणत्कार होतो, तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने धावतो. साध्या धनुष्याचा बाण सेकंदाला साठेक मीटर जातो. हरीण तीस मीटरवर असेल तर बाणाला अर्धा सेकंद लागतो आणि आवाज मात्र सेकंदाच्या दहाव्या भागात पोचतो. बाण येईतो हरीण उडी मारून बाजूला झालेले असते. या हरणाच्या उडीनेच हॉलिस विल्बर अॅलन या मिसूरी राज्यातील शिकाऱ्याला वेड लावले. त्याने आपल्या धनुष्याची टोके कापली, तेथे कप्प्या बसविल्या, त्यांवरून दोऱ्या फिरविल्या, आणि १९६६ साली पेटंटासाठी अर्ज केला. १९६९ साली ते मिळाले. जगात ज्याला 'कंपाउंड' म्हणतात ते कप्प्यांचे धनुष्य असे जन्मले.

त्यातले मर्म विहिरीवर कप्पी वापरणाऱ्याला समजावयास कठीण नाही. साधे धनुष्य जसजसे ओढावे तसतसे जड होत जाते, आणि ज्या क्षणी नेम धरावयाचा त्याच क्षणी ते सर्वांत जड असते. हात थरथरतो आणि नेम चुकतो. कप्प्यांच्या धनुष्यात कप्पीचा आस मध्यावर नसतो. त्यामुळे निम्म्या वाटेवर ओढ जास्तीत जास्त होते आणि पुरते ओढल्यावर एकाएकी हलकी पडते. पन्नास पौंडांच्या ओढीचे धनुष्य शेवटी पंधरा पौंडांच्या आसपास धरून ठेवता येते. हात स्थिर राहतो, आणि बाणही साध्या धनुष्याहून पुष्कळ वेगाने जातो. हरणाच्या उडीला माणसाने दिलेले हे उत्तर होते.

यानंतर काळाने एक विलक्षण योग जुळवून आणला. १९७२ च्या सप्टेंबरात जर्मनीतील म्युनिक शहरी ऑलिंपिक सामने चालू होते. बावन्न वर्षांच्या खंडानंतर तिरंदाजी त्या सामन्यांत परत आली होती. त्याच दिवसांत, ९ सप्टेंबर १९७२ रोजी, भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची संमती झाली. 'शस्त्र' म्हणजे काय हे सांगताना त्या कायद्यानेही फासे, जाळी, विष यांच्याबरोबर धनुष्यबाणाचे नाव घेतले. म्हणजे एकीकडे धनुष्याला खेळाचे दार उघडले आणि दुसरीकडे शिकारीचे बंद होऊ लागले. १८७८ चा कायदा आणि हा कायदा यांत मात्र मोठे अंतर आहे. पहिल्याने शिकार एकाची काढून दुसऱ्याला दिली. दुसऱ्याने ती राजालाही बंद करीत आणली आणि रंकालाही. कालिदासाचा तो तपस्वी जणू या वेळी सबंध रानापुढे उभा राहिला.

पुढच्याच वर्षी, १९७३ साली, भारतीय तिरंदाजी संघटना स्थापन झाली. तिला माणसे कोठे मिळाली? जेथे धनुष्य होते तेथेच. राजस्थानात उदयपूरकडील डोंगरात बांबूच्या धनुष्याने पाखरे टिपणारा लिंबाराम नावाचा आदिवासी मुलगा होता. सरकारच्या खेळयोजनेत त्याची १९८७ साली निवड झाली. दुसऱ्या वर्षी तो सेऊलच्या ऑलिंपिकला गेला, १९९२ साली बीजिंगला आशियाई स्पर्धेत त्याने जागतिक विक्रमाची बरोबरी केली, आणि २०१२ साली त्याला पद्मश्री मिळाली. एकलव्याच्या कथेत रानच्या पोराचा अंगठा मागून घेतला गेला. या कथेत निदान त्याला हाक मारून मैदानावर आणले गेले.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर फलटण तालुक्यातील सरडे गावच्या मजुराचा मुलगा प्रवीण जाधव २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये बाण मारून आला. आणि २०२३ हे वर्ष तर कप्प्यांच्या धनुष्याचेच होते. त्या ऑगस्टात बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी, एका शिक्षकाची मुलगी, वैयक्तिक विजेती झाली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात पंधरा बाणांत १५० पैकी १५० गुण घेतले. पन्नास मीटरवरून, आठ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात, पंधराच्या पंधरा बाण! त्यानंतर हांगझोऊच्या आशियाई सामन्यांत ओजसने तीन सुवर्णपदके आणली. २०२८ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये कप्प्यांचे धनुष्य मिश्र सांघिक प्रकारात प्रथमच दिसावयाचे आहे. हरणाच्या मागे लागून जन्मलेले हत्यार साठएक वर्षांत कागदाच्या वर्तुळापाशी येऊन स्थिरावले.

हा सारा इतिहास मी त्या शेतकऱ्याला जमेल तितका सांगितला. आमच्या ओट्यावर बसून त्याने तो शांतपणे ऐकला आणि एकच प्रश्न विचारला, "मंग गुरुजी, घ्यावं का नाई?"

माझे मत मी बांधले होते. स्पर्धेच्या दर्जाचे नवे धनुष्य सगळ्या साजासह लाखाच्या घरात आणि त्याच्याही पुढे जाते. शेतकऱ्याच्या पोरासाठी जुने धनुष्य हेच या खेळाचे दार आहे. परंतु जुनी वस्तू डोळसपणे घ्यावी. म्हणून नागपूरच्या एका जाणत्या प्रशिक्षकाला विचारून मी तपासणीची यादी लिहून आणली होती, आणि तिघेही त्या डॉक्टराच्या खोलीवर गेलो.

पहिली गोष्ट मापाची. मुलाचे दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंत माप घेतले, ते पासष्ट इंच भरले. त्याला अडीचने भागले की ओढीची लांबी ढोबळ मानाने निघते. ती सव्वीस इंच आली, आणि धनुष्य तेवढ्यावर बसविता येत होते. मुलगा उजवा, धनुष्यही उजव्याचे. मग पात्यांची तपासणी. धनुष्याच्या पात्यांना केसाएवढी चीर असली तरी ती ओढताना फुटून डोळा घेऊ शकते. ती नजरेला दिसत नाही, म्हणून कापसाचा बोळा पात्यांवरून हलकेच फिरवावयाचा. चीर असेल तेथे तंतू अडकतो. वर्धा जिल्ह्यात कापसाला काय तोटा! बापाने खिशातून घरचे बोंड काढले, सरकी वेगळी केली आणि ज्या बोटांनी आयुष्यभर कापूस वेचला त्याच बोटांनी तो चारही पात्यांवरून फिरविला. तंतू कोठेच अडकला नाही. कप्प्यांच्या कडा शाबूत होत्या. दोरीचे धागे मात्र पिंजारलेले होते. दोरी बदलणे आले, म्हणून किंमत तीन हजारांनी उतरली.

मुलाने उत्साहाने धनुष्य हाती घेतले, तसा डॉक्टर ओरडला, "बाण लावल्याशिवाय दोरी कधी सोडायची नाही!" रिकामी दोरी सुटली, तर जे बळ बाणाने न्यावयाचे ते सारे धनुष्यावरच उलटते आणि ते मोडते. शिकारीचे धनुष्य असल्याने ते आखूडही होते. स्पर्धेचे लांब असते, म्हणून जास्त स्थिर राहते. पुढेमागे ते बदलावे लागेल, हे मी मुलाला तेथेच सांगितले. शिकावयास मात्र ते पुरेसे होते. दोरी बोटांनी न सोडता अंगठ्याने कळ दाबून सोडण्याचे छोटे यंत्रही त्याबरोबर होते. मुलगा त्यावर अंगठा टेकवून पाहत होता, आणि मला उगीचच एकलव्य आठवला.

शेवटी डॉक्टराने एक डबी पुढे केली. आत सहा फाळ होते. प्रत्येकाला वस्तऱ्यासारखी तीन पाती. मामाचे हरणासाठीचे फाळ. "हे त्यातच आलं," तो म्हणाला.

बापाने एक फाळ हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मी काही बोललो नाही. जे बोलावयाचे ते ओट्यावर बोलून झाले होते. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराला मारावयाचे तर कायद्यात त्यासाठी अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाची वाट आहे. आदेशावाचून रानचे जनावर मारणे हा गुन्हा आहे, मग हाती बंदूक असो वा बाण. शिवाय शिकाऱ्याचा बाण नेमका बसला नाही, तर जनावर मैलभर रक्त सांडीत जाऊन कोणाच्या तरी पऱ्हाटीत तडफडत मरते. हे सारे त्याला ठाऊक झाले होते. पण त्याला हेही ठाऊक होते, की रोह्यांच्या कळपाने एका रात्रीत अर्ध्या एकराची तूर सफाचट केली होती, आणि ती तूर कोणत्याही इतिहासाने परत येणार नव्हती.

त्याने फाळ डबीत ठेवला, डबी मिटली आणि डॉक्टराकडे सरकविली. "हे तुमचं तुमच्यापाशीच राहू द्या, डॉक्टरसाहेब. पोराच्या हातात नको."

मग बाहेर आल्यावर मला म्हणाला, "गुरुजी, पोराचं तर झालं. आता माह्या तुरीचं सांगा."

त्या प्रश्नाला माझ्यापाशी इतिहासातून काढलेले उत्तर नव्हते. हरणाला वाचविण्याचा कायदा योग्यच आहे, असे मी मानतो. पण त्या हरणाचे पोट कोणाच्या वावरावर भरते, हा प्रश्न शहरात बसून कायदा वाचणाऱ्याला सहसा पडत नाही. दुष्यंताला थांबविणाऱ्या तपस्व्याची तूर कोणी खात नव्हते. राखणीचा भार ज्याच्या अंगावर पडतो, त्याला भरपाई वेळेवर आणि पुरती मिळणे हाही संरक्षणाचाच भाग मानावयास हवा. तो मानला नाही, तर डबीत मिटलेले फाळ आज ना उद्या कोणाच्या तरी हाती पुन्हा उघडतील. त्या रात्री मी पीक-नुकसानीच्या भरपाईचा अर्ज लिहून दिला. सातबारा, पंचनामा, तारखा, सारे नीट घातले. मास्तराच्या हाती याहून मोठे धनुष्य नसते.

मुलगा आता रविवारी सरावाला जातो. अजून त्याचे बाण वर्तुळाच्या कडेकडेनेच लागतात. बाप रात्री जागलीला असतो. परवा मीही थोडा वेळ त्याच्या मचाणावर जाऊन बसलो होतो. नऊच्या सुमारास मृग वर आला. कडेच्या धुऱ्यावर काहीतरी खसफसले, तसा तो उठला, त्याने डबा बडवला, बॅटरीचा झोत टाकला. दोन हिरवे डोळे क्षणभर चमकले आणि अंधारात विरून गेले. तो पुन्हा येऊन बसला आणि वर पाहत म्हणाला, "तो व्याध अजून नाई आला, गुरुजी?"

"येईल तासाभरात," मी म्हणालो.

"येऊ द्या," तो म्हणाला, आणि डबा उशाशी ठेवून त्याने घोंगडे पांघरले.